बेसमेंटमधल्या अळकुड्या

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये अळूला एलिफंट इअर म्हणतात. वसंत आला की बागकामाच्या दुकानांत त्याचे कंद विकायला येतात. पाकिटावर ताटाएवढ्या पानाचा फोटो असतो आणि मागे बारीक अक्षरात ‘खाऊ नये’ अशी ताकीद. अमेरिकन मंडळी ते दारापुढे शोभेला लावतात. शोभना टिपणीस यांच्या मागच्या अंगणातलं अळूही कुंपणापलीकडून बघणाऱ्याला शोभेचंच वाटायचं. फक्त श्रावणापासून गणपतीपर्यंत ही शोभा दर आठवड्याला थोडी कमी व्हायची, कारण ती कुणाच्या तरी वडीत गेलेली असायची.

काळ्या देठाचं, पेणकडचं अळू. ते इथवर कसं आलं याबद्दल काकू कधी बोलल्या नाहीत आणि एअरपोर्टवरही त्यांना कुणी तसं विचारलं नव्हतं. मदर्स डे झाला, थंडीचा शेवटचा तडाखा गेला, की त्या आम्हा मराठी घरांना बोलावून दह्याच्या रिकाम्या डब्यांतून कोंब आलेले कंद, म्हणजे अळकुड्या, वाटत. आम्ही ते लावायचो, वड्या खायचो, फोटो टाकायचो. ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं की आमची पानं एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखी लोंबायची. कंद खणून काढायला हवेत, हे आम्हाला माहीत होतं. पण पुढच्या मेमध्ये काकू पुन्हा बोलावणार, हेही माहीत होतं. या गावात अळू टिकवायची आमची पद्धत म्हणजे शोभनाकाकू.

गेल्या वर्षी ऑगस्टात, जेवणं आटोपल्यावर, काकू वडीसाठी पानं काढायला मागे गेल्या. थोड्या वेळाने त्यांचे यजमान गुरुनाथकाका मागच्या लाकडी डेकवर आले. काका टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले इंजिनिअर. बायकोला नावाने हाक मारणाऱ्या त्यांच्या पिढीतल्या मोजक्या नवऱ्यांपैकी एक. त्यांनी “शोभना!” अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. अळू पुरुषभर उंच झालं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. काकांना वाटलं, शेजारी गेली असेल. ते आत आले, दोन कप चहा केला, एक झाकून ठेवला आणि टीव्हीवर मॅच बघत बसले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा झाकलेल्या चहावर साय धरली होती.

काकू हाकेच्या अंतरावर होत्या. पानांच्या मागे, कुशीवर पडलेल्या, हातात सुरी.

डॉक्टर म्हणाले, सगळं एका क्षणात झालं असणार, लवकर सापडल्या असत्या तरी फरक पडला नसता. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात. काही वेळा ते खरंही असतं.

काकांची मुलगी रीमा पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते. सगळं पार पडल्यावर ती म्हणाली, “बाबा, यू आर कमिंग विथ मी. डिस्कशन नको.”

“मेनंतर बघू.”

“मेमध्ये काय आहे?”

“अळू लावायचंय.”

रीमाने कपाळाला हात लावला. काका खिडकीतून मागे बघत होते. “ते जिथे होतं तिथेच परत यायला हवं,” ते म्हणाले. “पहिल्या पानापासून. या वेळी मी बघत असेन.”

रीमाने हे आम्हाला फोनवर सांगितलं आणि विचारलं, बाबा ठीक आहेत ना? आम्ही म्हटलं, ठीक आहेत. दुसरं काय म्हणणार?

काकांनी यापूर्वी अळूसाठी काही केलं असेल तर ती ओझी उचलणं. पेटी खाली न्यायची, पेटी वर आणायची, मधल्या महिन्यांत काय होतं ते बायकोचं खातं. आता ते शिकायला बसले. टेनेसीतला एक माणूस व्हिडिओत सांगत होता, कंद स्वच्छ धुवा. विस्कॉन्सिनमधला दुसरा सांगत होता, धुवाल तर कुजतील. काकांनी विस्कॉन्सिनवाल्याचं ऐकलं, कारण तिथे थंडी जास्त, म्हणजे त्याला चुकण्याची मुभा कमी. पहिलं दव गोठून पानं काळी पडली, तेव्हा त्यांनी देठ कापले, बाजूने लांबून फावडं घातलं आणि इलिनॉयच्या चिकट काळ्या मातीतून सगळे कंद काढले. आम्ही मदतीला येतो म्हणालो. नको म्हणाले. बागेच्या त्या भागात ते कुणालाच जाऊ देत नव्हते.

कंद गॅरेजमध्ये सुकले. मग काकांनी ते आंब्याच्या रिकाम्या पेटीत पीट मॉसच्या कोरड्या भुश्यात, एकमेकांना न टेकता ठेवले. पेटी कुठे ठेवायची हा प्रश्नच नव्हता. बेसमेंटमध्ये पायऱ्यांखाली फळी होती. काकू कांदे-बटाटे तिथे ठेवत आणि त्यांच्या शेजारी ही पेटी. ती जागा ना फार गार, ना उबदार. काकांनी जागा तीच ठेवली, शेजारही तोच ठेवला. स्वतःची भर म्हणून तापमानाचा आकडा दाखवणारा एक छोटा सेन्सर पेटीत टाकला आणि तो फोनला जोडला. त्यामुळे बेसमेंटमधल्या अळूला किती थंडी वाजते आहे, हे त्यांना देवळात, शिकागोच्या ट्रेनमध्ये, कुठेही कळायचं.

रोज सकाळी ते खाली जायचे. झाकण उघडायचे, एकेक कंद दाबून बघायचे, मऊ लागला तर बाजूला काढायचे, सुरकुतला तर पाण्याचा फवारा मारायचे. डिसेंबरात एका कंदाला अंधारातच कोंब आला. पांढरा, वाकडा. त्या दिवशी ते बराच वेळ खाली बसले होते. कंदांशी ते बोलत नसत. असं त्यांनी आपणहून आम्हाला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

नाताळच्या आधी रीमाने चिंचवडहून तिच्या मावशीला बोलावून घेतलं. नीनामावशी म्हणजे शोभनाकाकूंची धाकटी बहीण. दिसायला अगदी वेगळी. उंच, गोरी, चष्मा लावणारी. आवाज मात्र हुबेहूब तोच. आश्लेषा आणि शंतनू हे काकांच्या गल्लीतलं तरुण जोडपं, दोघंही आयटीतले. आश्लेषाने काकांच्या घरी फोन केला आणि पलीकडून “हॅलो, बोला” ऐकताच घाबरून कट केला. मग पुन्हा फोन करून ‘रेंज गेली होती’ म्हणाली. लँडलाईनला.

काका या आवाजाला सरावतील असं आम्हाला वाटलं होतं. नीनामावशी येऊन आठवडा झाला असेल. काका बेसमेंटमध्ये होते, पेटीपाशी. फवाऱ्यातलं पाणी संपलं आणि तोंडातून सवयीने हाक गेली.

“शोभना!”

आणि वरून उत्तर आलं, “ओ! आले हं!”

नीनामावशींनी आम्हाला नंतर सांगितलं, “अहो, पेणला आमच्याकडे असंच होतं. आई ताईला हाक मारायची आणि जी जवळ असेल ती ओ द्यायची. मी विचार न करता ओ दिली. मग जिन्यात आले तर भाऊजी खाली उभे, हातात ती बाटली. माझ्याकडे बघतायत. चेहरा असा, की मीच पायरीवर थांबले. म्हटलं, आता खाली उतरू की नको?”

“मग?”

“मग काय! ते म्हणाले, पाणी. मी पाणी आणून दिलं.”

त्यानंतरच्या रविवारी काका देवळातून परतले तेव्हा घरात फोडणीचा वास होता. बाहेर बर्फ पडत होता, बाजारात जाणं झालं नव्हतं. नीनामावशींनी जेवायची पानं वाढली. आमटी, भात, आणि दाटसर रस्सा असलेली एक भाजी. काकांनी घास घेतला आणि थांबले. काकू गेल्यापासून ते जेवत होते ते औषध घेतल्यासारखं. त्या दिवशी त्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

“शोभनाच्या हातची चव आहे,” ते म्हणाले.

“आमच्या आईच्या हातची,” नीनामावशी म्हणाल्या. “ताईने तिचीच उचलली. अळकुड्याही काय सुंदर निघाल्या हो! इथे मिळतात का अशा?”

काका उत्तर देणार होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बेसमेंट गरम झाल्याचा इशारा होता. आकडा असा, की खाली आगच लागली असावी. काका खुर्ची सारून उठले.

“काय झालं?”

“खालचं तापमान...”

“हां, ते!” नीनामावशी हसल्या. “ते छोटं घड्याळ तुमचं आहे होय? त्या पेटीत पडलं होतं. मी वर आणून गॅसशेजारी ठेवलंय. पण बिघडलंय हो ते, वेळ काहीच्या काही दाखवतंय.”

काका ओट्याकडे बघत राहिले. सेन्सर कुकरच्या बाजूला ठेवलेला होता. सिंकमध्ये चोथा अडकवायच्या जाळीत उकडलेली सालं होती.

“सगळ्या घेतल्यास?” त्यांनी विचारलं.

“तर काय! भाजी आटतेच की. एक-दोन मऊ होत्या, त्या फेकल्या. का हो? कुणाला द्यायच्या होत्या का?”

“नाही,” काका म्हणाले. ते पुन्हा बसले आणि पानातलं सगळं संपवलं. टाकता येण्यासारखं ते नव्हतं.

चिंच थोडी कमी पडली असावी. रात्रीपर्यंत काकांचा घसा खाजायला लागला. नीनामावशींचा खाजला नाही, त्याच पातेल्यातलं खाऊनही. दुसऱ्या दिवशीही खाज गेली नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. डॉक्टरांनी टॉर्च घालून बघितलं, काहीच दिसत नाही म्हणाले. काका म्हणाले, दिसणार नाहीच.

नीनामावशींना त्यांनी एक शब्द सांगितला नाही. मात्र दुपारी त्या झोपल्या की ते गॅरेजमध्ये गाडीत बसून आम्हा सगळ्यांना फोन करू लागले. पहिला आश्लेषाला.

“काका, आमचं ना...” आश्लेषा चाचरली. “म्हणजे शंतनू काढणार होता. पण त्याचं रिलीज होतं, मग थँक्सगिव्हिंग आलं...”

मागून शंतनूचा आवाज आला, “अगं, तू म्हणालीस काकू देतील ना परत!”

“हरकत नाही,” काका म्हणाले. “कुणाकडे असेल?”

कुणाकडेच नव्हतं. एकाने कुंडी गॅरेजमध्ये ठेवली होती, तिच्यात बर्फाचा गोळा झाला होता. एका घरात कंद फ्रीजमध्ये ठेवून विसरले होते, ते कुजले होते. काकूंकडून वर्षानुवर्षं कंद नेणाऱ्या आमच्यासारख्या जाणकारांकडे, वडीला कुठलं पान चांगलं यावर तासभर वाद घालणाऱ्यांकडे, फोटोंशिवाय काही उरलं नव्हतं. प्रत्येकाने काकांना तेच सांगितलं आणि प्रत्येकाला सांगताना जाणवलं की आपण काकूंना पुन्हा एकदा पोचवून आलो.

शेवटी रीमाला आठवलं, की तिच्या शाळेतली मैत्रीण उर्वी, जी आता डाउनटाउनमध्ये दातांची डॉक्टर आहे, तिला काकूंनी क्लिनिकच्या उद्घाटनाला अळूची एक कुंडी दिली होती. उर्वी इथेच जन्मलेली. ती अळूवडी खाते, पण ती कशापासून होते याची तिने चौकशी केलेली नाही. काकांनी दाढ दुखते म्हणून अपॉइंटमेंट घेतली.

क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये, दक्षिणेकडच्या मोठ्या काचेपाशी, ऐन जानेवारीत, अळू उभं होतं. काळ्या देठाचं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत टवटवीत पानं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, असं रिसेप्शनिस्टने सांगितलं.

“बिकॉज इट ड्रिप्स, काका,” उर्वी म्हणाली. “सकाळी यू कम इन, अँड देअर इज वॉटर ऑन द चेअर. एक पेशंट म्हणाला, तुमचं झाड रडतं. मी शोभनामावशीला फोन केला. ती म्हणाली, रडतबिडत नाही गं, पाणी जास्त झालंय त्याला, कमी घाल.”

“कधी म्हणाली?”

“जुलैमध्ये. लास्ट जुलै.” उर्वीने त्यांच्याकडे बघितलं आणि हातातले ग्लोव्हज काढून ठेवले. “काका, टेक इट. प्लीज. पूर्ण कुंडी न्या.”

मुळांना पाणी जास्त झालं की अळू ते रात्री पानाच्या टोकातून बाहेर सोडतं. त्यात गूढ काही नाही. काकांना ते माहीत होतं. कुंडी त्यांनी ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडी आधी तापवून, पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला.

दारात नीनामावशी होत्या. “हे काय? दात काढायला गेला होतात ना?”

“नाही काढला.”

ब्लँकेट सुटलं. नीनामावशींनी देठावरून बोट फिरवलं, पान उलटं करून शीर बघितली. पेणची बाई, तिला चष्मा लावावा लागला नाही. “हे ताईचं अळू.”

“हो.”

“पण ताईचं अळू तर तुम्ही...” त्या बेसमेंटच्या दाराकडे बघायला लागल्या. “भाऊजी. त्या पेटीतल्या...?”

“भाजी चांगली झाली होती,” काका म्हणाले.

नीनामावशी तिथेच बूट काढायच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, “दुसऱ्यांदा मागून घेतलीत हो. मला इतकं बरं वाटलं होतं.”

“मलाही,” काका म्हणाले, आणि ते खरं होतं.

त्या दिवसापासून नीनामावशी घरात दबक्या आवाजात बोलू लागल्या. काकांना ऐकू जात नसे, ते “काय?” विचारत, त्या आणखी हळू सांगत. फेब्रुवारीत त्या परत गेल्या. विमानतळावर मात्र त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात “येते हं!” म्हटलं आणि काकांनी तोंड फिरवलं.

अळू हॉलमध्ये राहिलं. काकांनी त्याचं पाणी कमी केलं. थेंब पडायचे थांबले नाहीत. त्यांनी पाणी आणखी कमी केलं. मग पानाखाली एक वाटी ठेवली. सकाळी वाटीत पाणी असे. ते पाणी ते कुठे टाकत, हे आम्हाला माहीत नाही.

मे आला. मदर्स डे झाला. शंतनूने मागच्या वाफ्यात खत घालून खड्डा करून दिला. या वेळी काकांनी त्याला तिथे जाऊ दिलं. मग काकांनी कुंडी उचलून डेकवर आणली. शंतनू खाली फावडं घेऊन उभा होता. काका वाफ्याकडे बघत राहिले. कुंडी खाली ठेवली नाही, पुढेही आले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “रात्री गारठा असतो अजून,” आणि तिला आत घेऊन गेले. त्या दिवशी ते खरंही होतं.

जूनमध्ये रीमाने विचारलं, लावलं का? लावतो म्हणाले. बेलव्ह्यूचं तिकीट तिने दोनदा काढलं आणि दोनदा कॅन्सल केलं. घरात अळू वाढत होतं. बाजूने पिल्लं फुटली होती, पानं सोफ्याच्या पाठीवरून इकडे येत होती. काकांनी ते कापलं नाही. वडीचा विषय आमच्यापैकी कुणी काढला नाही.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही चौघं-पाच जण त्यांच्याकडे गेलो. बाहेर ऊन इतकं, की गाडीचं दार हाताला भाजत होतं. हॉलमध्ये शिरताच उजेड हिरवट झाला. कुंडीभोवतीची जमीन ओली होती. वाट्या आता तीन होत्या.

“काका, आता तरी बाहेर लावा की,” आश्लेषा म्हणाली. “कसं गुदमरलंय बघा. खड्डा तसाच आहे, शंतनू लगेच लावून देईल.”

“लावू,” काका म्हणाले. “जरा थंडी कमी होऊ दे.”

एसी चालू होता आणि तरी शंतनूच्या कपाळावर घाम होता. त्याने तोंड उघडलं. आश्लेषाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कुंडीच्या पलीकडे जाऊन बसली.

काकांनी बोलणं अर्ध्यावर सोडलं. मान वाकडी केली, उजवीकडे, मग डावीकडे.

“तिथे नको,” ते म्हणाले. “इकडे ये. तिथे बसलीस की दिसत नाहीस.”

आश्लेषा हसणार होती. मग तिने बघितलं, काका खुर्चीतून अर्धे उठले होते. ती उठली, पानं बाजूला सारून बाहेर आली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. काकांनी तिला नीट बघून घेतलं. मग आम्हा बाकीच्यांना, एकेकाला. सगळे आहेत याची खात्री झाल्यावर त्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.